व्हायोलिनचा तो सामना आणि अडवलेली ती नेमणूक

‘शेव्हालिए’ या चित्रपटाची सुरुवात एका सामन्याने होते. पॅरिसच्या भरलेल्या नाट्यगृहात मोझार्ट व्हायोलिन वाजवत असताना एक सावळा तरुण रंगमंचावर येतो, त्याच्यासोबत वाजवण्याची परवानगी मागतो आणि पाहता पाहता त्याच्यावर कुरघोडी करतो. मोझार्ट संतापतो, प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात. सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजनाला रात्र जागवणाऱ्या माणसाला हा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागत नाही. दोन बुवा, दोन मंडळे, एकाने बारी केली की दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे आणि पहाटे घरी परतताना कोण सरस ठरला यावर वाद घालायचा, हे त्याच्या चांगले परिचयाचे असते. त्यामुळे चित्रपट पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, तर तो हाच असेल: ही बारी खरोखर झाली होती का, आणि मोझार्टला भारी पडणारा हा माणूस एवढा मोठा होता, तर त्याचे नाव आपल्या कानावर कधीच कसे आले नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. असा सामना झाल्याची नोंद नाही. तो पटकथेसाठी रचलेला आहे. माणूस मात्र पूर्णपणे खरा आहे, आणि त्याच्याबाबतीत जे कागदोपत्री सिद्ध आहे ते रचलेल्या सामन्यापेक्षा जास्त बोलके आहे, असे माझे मत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हा माणूस कोण

त्याचे नाव जोसेफ बोलोन, आणि तो प्रसिद्ध झाला शेव्हालिए द सँ-जॉर्ज या किताबाने. ‘शेव्हालिए’ म्हणजे खालच्या पायरीवरचा सरदारकीचा मान. त्याचा जन्म २५ डिसेंबर १७४५ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावर झाला. वडील जॉर्ज हे उसाच्या मळ्यांचे गोरे मालक आणि आई नानों ही त्यांच्याच घरातली आफ्रिकी वंशाची गुलाम स्त्री. फ्रान्सने १६८५ मध्ये आपल्या वसाहतींसाठी केलेल्या गुलामविषयक कायद्यानुसार मुलाचा दर्जा आईवरून ठरत असे. म्हणजे हा मुलगा जन्मतः गुलाम होता, बाप कितीही श्रीमंत असला तरी.

वडिलांनी त्याला सुमारे सात वर्षांचा असताना फ्रान्सला आणले. आईही काही काळाने, १७५५ च्या सुमारास, पॅरिसला आली. चित्रपटात ती मुलगा चांगला कर्ता झाल्यावर त्याला भेटते. त्यामुळे मायलेकांच्या ताटातुटीचा आणि पुनर्भेटीचा एक हृदयद्रावक धागा कथेला मिळतो, परंतु त्यात त्या दोघांच्या पॅरिसमधल्या कित्येक वर्षांच्या सहवासावर पाणी पडते.

तेराव्या वर्षी जोसेफ ला बोएसिएर यांच्या तलवारबाजीच्या शाळेत दाखल झाला. पुढे पिकार नावाच्या नामांकित तलवारबाजाने त्याच्या वर्णावरून हेटाळणी केली तेव्हा जोसेफने त्याला सामन्यात हरवले, आणि त्याचा बोलबाला झाला. राजाच्या रक्षक पथकात त्याला स्थान मिळाले आणि त्यासोबत शेव्हालिए हा मानही. चित्रपटात हा किताब त्याला राणी मारी आंत्वानेत देते. वास्तविक ती ऑस्ट्रियाहून फ्रान्सला आली १७७० मध्ये आणि राणी झाली १७७४ मध्ये. तोवर जोसेफ कित्येक वर्षे शेव्हालिए म्हणून ओळखला जात होता.

गुलाम आईचा मुलगा एवढ्या वर कसा चढला

कोकणच्या वाचकाला यात अशक्य असे काही वाटायला नको. मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर शतकानुशतके राज्य करणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतलेच, आणि त्यांच्या पूर्वजांपैकी अनेक जण गुलाम म्हणून या किनाऱ्यावर उतरलेले. इथिओपियात जन्मलेला आणि एकाहून अधिक वेळा विकला गेलेला मलिक अंबर पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. परंतु दख्खनमधली लष्करी गुलामगिरी आणि फ्रेंच वसाहतींतली मळ्यांवरची गुलामगिरी यांत मोठा फरक होता. दख्खनमध्ये शौर्य आणि मुत्सद्देगिरी यांच्या बळावर गुलामाला सेनापती होता येत असे आणि त्याच्या मुलांना सत्ताधीश. ग्वादलूपमध्ये दर्जा कातडीच्या रंगाला चिकटवलेला होता, आणि स्वतंत्र झालेल्या माणसाच्या मागेही तो रंग कायद्याच्या रूपाने येत राहिला.

फ्रान्सच्या मुख्य भूमीवरही परिस्थिती हळूहळू कठोर होत गेली. १७७७ मध्ये कृष्णवर्णीयांना फ्रान्समध्ये आणण्यास मनाई करणारा फर्मान निघाला आणि १७७८ मध्ये गोऱ्या व कृष्णवर्णी व्यक्तींच्या विवाहाला बंदी झाली. सँ-जॉर्ज तेव्हा पॅरिसच्या संगीतजीवनात अग्रभागी होता. उच्चभ्रू दिवाणखान्यांत त्याला आग्रहाने बोलावले जात असे, पण त्या दिवाणखान्यातल्या कोणत्याही मुलीशी लग्न करणे त्याला कायद्याने शक्य नव्हते. तो अविवाहित राहिला.

त्याचे संगीत नेमके कशा प्रकारचे

इथे दोन-तीन शब्द समजून घेतले की पुढचे सोपे होते. ‘कन्सर्टो’ म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यामागे पूर्ण वाद्यवृंद अशी, बहुधा तीन भागांची रचना. या रचनेत एका ठिकाणी वाद्यवृंद थांबतो आणि मुख्य वादक एकटाच आपले कसब मोकळेपणाने दाखवतो. त्या जागेला ‘कॅडेन्झा’ म्हणतात. चित्रपटातला सामना रंगतो तो याच मोकळ्या जागेच्या आधाराने. ‘क्वार्टेट’ म्हणजे दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठीची रचना.

१७६९ मध्ये संगीतकार गोसेक यांनी पॅरिसमध्ये ‘कोंसेर देझ आमातर’ नावाचा वाद्यवृंद सुरू केला आणि सँ-जॉर्ज त्यात व्हायोलिनवादक म्हणून बसू लागला. १७७२ मध्ये त्याने स्वतः रचलेले कन्सर्टो मुख्य वादक म्हणून सादर केले. १७७३ मध्ये गोसेक दुसरीकडे गेल्यावर वाद्यवृंदाची धुरा त्याच्याकडे आली, आणि त्याच वर्षी त्याच्या सहा क्वार्टेट रचना छापून बाहेर पडल्या. फ्रान्समध्ये रचल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या क्वार्टेट रचनांमध्ये त्यांची गणना होते. त्याच्या कन्सर्टोंमध्ये व्हायोलिन फार उंच स्वरांपर्यंत चढते आणि तारांवरून झपाट्याने उड्या घेते. लिहिणारा स्वतः किती तयारीचा वादक होता हे त्यावरूनच कळते. संथ गतीच्या मधल्या भागांत मात्र तो कसरत बाजूला ठेवतो आणि साध्या, गाण्यासारख्या चालीवर रेंगाळतो. मला स्वतःला तो तिथेच जास्त भावतो.

आता महत्त्वाचा शब्द: ‘सिंफोनी कॉन्सर्टांट’. त्या काळी पॅरिसला वेड लावणारा हा प्रकार म्हणजे कन्सर्टोच, परंतु मुख्य वादक एकाऐवजी दोन किंवा अधिक. एक व्हायोलिन काही म्हणते, दुसरे ते उचलते, वळवते, परत करते, आणि शेवटी दोन्ही एकत्र येतात. डबलबारीतली सवाल-जवाबाची गोडी यात पुरेपूर आहे. एकच गोष्ट नाही, ती म्हणजे हार-जीत. दोन्ही वादकांच्या बाजू एकाच हाताने लिहिलेल्या असतात आणि दोघांना सारखा वाव दिलेला असतो. या प्रकारात सँ-जॉर्जने अनेक रचना केल्या आणि हा प्रकार रुजवणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. ज्याने दोन समान वादकांच्या संवादाला आपली इतकी शक्ती वाहिली, त्याच्यावरच्या चित्रपटाची सुरुवात दुसऱ्याला चारी मुंड्या चीत करण्याने व्हावी, हे मला खटकते.

मग मोझार्टचा संबंध अजिबातच नाही का

संबंध आहे, पण तो वेगळा आहे. मोझार्ट १७७८ मध्ये मार्चपासून सप्टेंबरपर्यंत पॅरिसमध्ये होता. तेव्हा तो २२ वर्षांचा, काम शोधणारा, त्या शहरावर वैतागलेला तरुण होता. त्याच मुक्कामात, ३ जुलै रोजी, त्याची आई वारली. सँ-जॉर्ज तेव्हा ३२ वर्षांचा आणि पॅरिसमधल्या उत्तम वाद्यवृंदाचा प्रमुख होता. दोघे एका शहरात होते, त्यांची ओळखीची वर्तुळे एकमेकांना छेदत होती, तरीही दोघांनी एकत्र वाजवल्याचा पुरावा नाही. पुढच्याच वर्षी, १७७९ मध्ये, मोझार्टने व्हायोलिन आणि व्हिओला यांच्यासाठी आपली प्रसिद्ध सिंफोनिया कॉन्सर्टांट रचली. तिच्यातली एक स्वरावली आणि सँ-जॉर्जच्या दोन वर्षे आधीच्या एका कन्सर्टोमधली स्वरावली यांतले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हे साम्य उसनवारीचे की एकाच शहरात फिरणाऱ्या समान शैलीचे, यावर मतभेद होऊ शकतात. पॅरिसच्या हवेत जे वाजत होते ते मोझार्टच्या कानावर पडले, एवढे निश्चित म्हणता येते, आणि त्या वाजण्यात सँ-जॉर्जचा वाटा मोठा होता.

म्हणूनच त्याला ‘काळा मोझार्ट’ म्हणणे मला अयोग्य वाटते. जाहिरातींत हे बिरूद आजही सर्रास वापरले जाते. पण सँ-जॉर्ज मोझार्टपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता, त्याचे व्हायोलिन कन्सर्टो पॅरिसमध्ये गाजत होते तेव्हा मोझार्ट १६-१७ वर्षांचा होता, आणि त्याची घडण पूर्णतः फ्रेंच होती. थोरल्याची ओळख धाकट्याच्या नावाने करून द्यायची आणि वर तो गौरव समजायचा, हा उलटा न्याय आहे.

१७७६ चा अर्ज

सँ-जॉर्जच्या आयुष्यातला निर्णायक प्रसंग कोणत्याही रंगमंचावर घडला नाही. तो एका अर्जाच्या रूपाने घडला.

ऑपेरा म्हणजे संगीतातून उलगडणारे नाटक, आणि पॅरिसचा राजमान्य ऑपेरा ही त्या काळच्या फ्रेंच संगीतातली सर्वोच्च संस्था होती. १७७६ मध्ये ती आर्थिक अडचणीत होती. तिचा कारभार हाती घेऊ इच्छिणाऱ्या मंडळींनी संचालक म्हणून सँ-जॉर्जचे नाव पुढे केले. वाद्यवृंद कसा चालवावा हे त्याने तीन वर्षे दाखवून दिलेले होते, त्यामुळे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. पण संस्थेतल्या तीन आघाडीच्या कलावती, गायिका सोफी आर्नू आणि रोझाली लव्हासर व नर्तिका मारी-मादलेन गिमार, यांनी राणीकडे अर्ज केला. आपली प्रतिष्ठा आणि सद्सद्विवेक यांना एका ‘मुलॅटो’च्या हुकमाखाली राहणे मानवणार नाही, असा त्याचा आशय होता. मुलॅटो म्हणजे गोऱ्या व कृष्णवर्णी आईबापांचे अपत्य; हा शब्द तेव्हाही हेटाळणीचा होता. हा सगळा प्रकार बॅरन ग्रिम यांनी आपल्या वार्तापत्रात नोंदवून ठेवला आहे.

पुढे जे झाले ते आपल्याकडच्या कार्यालयांत वावरलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. कोणीही ‘नाही’ असे स्पष्ट म्हटले नाही. सँ-जॉर्जने स्वतःच आपले नाव मागे घेतले आणि राजाने संस्थेचा कारभार नगराकडून काढून आपल्या अधिकाऱ्यांकडे सोपवला. नेमणूक नाकारल्याचा ठपका कोणावरही आला नाही आणि नेमणूकही झाली नाही. सँ-जॉर्ज त्यानंतर २३ वर्षे जगला, पण त्या पदाची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही.

चित्रपटात या घटनेचे काय होते? तिथे सँ-जॉर्ज आणि संगीतकार ग्लुक यांच्यात संचालकपदासाठी ऑपेरा लिहिण्याची स्पर्धा लागते, आणि गिमार त्याच्याविरुद्ध जाते ती त्याने तिला झिडकारले म्हणून. अशी स्पर्धा झाली नव्हती. गिमारच्या सूडाची जोड दिल्यामुळे एक मोठी अडचण दूर होते, पण ती प्रेक्षकाची. अपमानित स्त्रीचा राग सगळ्यांना समजतो, आणि तो शमला की प्रश्न सुटला असे वाटते. खऱ्या अर्जात वैयक्तिक राग लागत नव्हता. तीन व्यक्तींनी सही करणे आणि दरबाराने संघर्ष टाळणे एवढे पुरेसे होते, कारण बाकीचे काम रूढीने आधीच करून ठेवलेले होते. मारी-जोझेफीन या विवाहित सरदारपत्नीशी असलेले त्याचे प्रेमप्रकरण आणि त्याचा दारुण शेवटही चित्रपटात भरपूर जागा घेतो. त्यामागे त्या काळच्या कुजबुजीपलीकडे फारसा भक्कम आधार नाही.

आणि चित्रपटाने जवळजवळ सोडूनच दिलेला भाग असा की अर्जानंतर सँ-जॉर्ज खचून बसला नाही. १७७७ मध्ये त्याचा ‘एर्नेस्तीन’ हा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला आणि पडला. प्रेक्षकांनी संहितेला नावे ठेवली, संगीताला नव्हे. १७८० मध्ये आणखी एक ऑपेरा आला. १७८१ मध्ये पैशांअभावी त्याचा वाद्यवृंद बंद पडला, तेव्हा फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींच्या आश्रयाने ‘ऑलिंपिक लॉज’चा नवा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याचे नेतृत्वही त्याच्याकडेच आले. या वाद्यवृंदासाठी तरुण उमराव काउंट दोन्यी यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रियातल्या हायडन या संगीतकाराकडे सहा सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या रचना, मागवण्यात आल्या, प्रत्येकी २५ सुवर्णमुद्रा या दराने. आज त्या ‘पॅरिस सिंफनी’ म्हणून ओळखल्या जातात, ८२ ते ८७ या क्रमांकांच्या. युरोपातल्या सर्वांत मान्यवर संगीतकाराच्या या रचना लोकांपुढे प्रथम आल्या त्या सँ-जॉर्जच्या नेतृत्वाखाली. मोझार्टला हरवल्याच्या कल्पित प्रसंगापेक्षा हायडनची सिंफनी प्रथम वाजवून दाखवण्याचे हे काम संगीताच्या इतिहासात कितीतरी वजनदार आहे. पण तालमी घेणे, सुरावटींच्या प्रती तयार करवणे आणि मोठ्या वाद्यवृंदाला एका लयीत आणणे पडद्यावर फारसे नेत्रदीपक दिसत नाही, हेही खरे.

एवढा मोठा होता तर विसरला का गेला

याचे एकच एक कारण शोधण्याचा मोह होतो. ‘नेपोलियनने त्याच्या संगीतावर बंदी घातली’ असे एक ठाशीव उत्तर अनेक ठिकाणी दिले जाते. नेपोलियनने १८०२ मध्ये वसाहतींत गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली, ही गोष्ट पक्की आहे. फ्रेंच क्रांतीने ती १७९४ मध्ये रद्द केली होती. ज्या राजवटीने कृष्णवर्णीयांना पुन्हा बेड्या घातल्या, ती कृष्णवर्णी संगीतकाराचा उदोउदो करणार नव्हती हे उघड आहे. परंतु सँ-जॉर्जच्या रचना वाजवू नयेत असा स्वतंत्र हुकूम काढल्याचा दावा करणारे त्या हुकमाचा कागद पुढे ठेवत नाहीत, त्यामुळे ते वाक्य जपून वापरलेले बरे.

बाकीची कारणे कमी नाट्यमय असली तरी अधिक घट्ट आहेत. क्रांतीने सरदारवर्ग उधळला आणि त्याच्याबरोबर त्या वर्गाच्या पैशावर चालणारे वाद्यवृंदही गेले. सँ-जॉर्ज स्वतः क्रांतीच्या बाजूने लढला. १७९२ मध्ये कृष्णवर्णी सैनिकांची एक तुकडी उभी राहिली, तिचा तो कर्नल होता, आणि पुढे प्रसिद्ध कादंबरीकाराचा पिता ठरलेला तोमा-आलेक्सांद्र द्युमा त्याच्या हाताखालचा अधिकारी. तरीही १७९३ मध्ये संशयावरून त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी सुटला तेव्हा कर्नलपद गेलेले होते. जून १७९९ मध्ये पॅरिसमध्ये तो वारला. तोवर संगीताची रुचीच बदलू लागली होती; सिंफोनी कॉन्सर्टांटची लाट ओसरली आणि बेथोव्हेनचे युग सुरू झाले. सँ-जॉर्जबरोबर वाजवणारे कित्येक गोरे फ्रेंच संगीतकारही याच लाटेत बुडाले. गोसेकचे नावच आज किती जणांना ठाऊक आहे?

वर्णाचा घाव इथे वेगळ्या रीतीने बसला. गोऱ्या समकालीनांना किमान संगीतकार म्हणून कोशांत जागा मिळाली. सँ-जॉर्ज उरला तो तलवारबाज, घोडेस्वार आणि स्त्रियांचा लाडका म्हणून. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्स यांनी १७७९ मध्ये फ्रान्समध्ये असताना आपल्या रोजनिशीत घोडदौड, नेमबाजी, तलवारबाजी, नृत्य आणि संगीत यांत हा युरोपातला सर्वांत निपुण माणूस असल्याचे लिहून ठेवले; त्या यादीत संगीत शेवटी आहे. १८४० मध्ये एका फ्रेंच लेखकाने त्याच्यावर रोमहर्षक कादंबरी लिहिली आणि तिच्यातल्या कल्पित गोष्टी पुढच्या चरित्रकारांनी खऱ्या म्हणून उचलल्या, इतक्या की त्याचा बाप कोण याबद्दलही दीर्घकाळ चुकीची माहिती छापली जात होती. म्हणजे त्याच्या आयुष्याची कादंबरी होणे हे चित्रपटापासून सुरू झालेले नाही. ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीची खोड आहे.

‘अहो, तो चित्रपट आहे, इतिहासाचे पुस्तक नव्हे’

हा आक्षेप रास्त आहे. दोन तासांत ५३ वर्षांचे आयुष्य बसवायचे तर घटना जवळ आणाव्या लागतात, दोन माणसांचा एक माणूस करावा लागतो, संवाद तर सगळेच कल्पावे लागतात. दिग्दर्शक स्टीफन विल्यम्स आणि लेखिका स्टेफनी रॉबिन्सन यांनी तेच केले, आणि केल्व्हिन हॅरिसन यांनी भूमिका झोकून देऊन केली आहे. २०२२ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात हा चित्रपट प्रथम दाखवला गेला आणि त्यामुळे लाखो लोकांना हे नाव कळले, हे श्रेय कोणी नाकारू नये.

मात्र ‘चित्रपट आला म्हणून तो सापडला’ हेही खरे नाही. त्याच्या रचना १९७० च्या दशकापासून ध्वनिमुद्रित होत आहेत. १९७४ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णी संगीतकारांच्या ध्वनिमुद्रिकांची एक मालिका सुरू झाली, तिची पहिली तबकडी सँ-जॉर्जच्याच संगीताची होती. पॅरिसमधल्या एका रस्त्याला रिशपांस या सेनापतीचे नाव होते. ग्वादलूपमध्ये गुलामगिरी पुन्हा लादण्यासाठी नेपोलियनने पाठवलेला हाच तो. या शतकाच्या सुरुवातीला ते नाव काढून त्या रस्त्याला शेव्हालिए द सँ-जॉर्ज याचे नाव देण्यात आले.

तेव्हा कल्पनाशक्तीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कुठल्या जागी ती वापरली याला. जिथे कागद गप्प आहेत, म्हणजे आई-मुलाचे बोलणे, रात्रीची घालमेल, पहिल्या मैफलीची धास्ती, तिथे लेखकाने खुशाल कल्पना करावी. जिथे कागद बोलतो, तिथे त्याचे तोंड बंद करून दुसरेच काही सांगितले की विस्मृतीविरुद्ध काढलेला चित्रपट स्वतःच थोडी विस्मृती पेरतो.

आपल्या किनाऱ्यावरचे असे कोण

सँ-जॉर्ज पुन्हा ऐकता येतो, कारण त्याचे संगीत स्वरलेखनात उतरले आणि छापले गेले. जे छापले गेले नाही, त्यातले बरेच नाहीसे झाले. त्याच्या ऑपेरांपैकी संपूर्ण स्वरूपात ‘लामां आनोनीम’ हा एकच, १७८० चा, हाती उरला आहे. आपल्या गुरुमुखी परंपरेत तर स्वरलेखनाचा आधार त्याहूनही विरळ.

परंतु याच किनाऱ्यावर, सावंतवाडीच्या खाली गोव्यात, पाश्चात्त्य स्वरलेखन पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या शाळांमधून शिकवले गेले, आणि ते शिकलेल्या वादकांनी मुंबईत हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. संगीतकाराने चाल सांगायची आणि ४०-५० वाद्यांनी ती कशी वाजवायची हे या वादकांनी रात्री बसून लिहायचे, अशी ती पद्धत होती. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले आणि १९५८ मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभारून राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या. १९७७ मध्ये प्यारेलाल यांनी गुरूंच्या नावाची आठवण म्हणून ते एका गाण्यात गुंफले, आणि आज देशभर ते नाव ओळखले जाते ते मोठ्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या एका विनोदी पात्राचे म्हणून. त्यांच्या रचना कशा होत्या हे सांगू शकणारी माणसे अगदी थोडी.

अशा कोणावर मराठीत किंवा कोकणीत चित्रपट निघाला तर तो पाहायला मला आवडेल. पण त्याआधी घरोघरच्या पेट्यांमध्ये पडलेले स्वरलेखनाचे कागद वाळवीच्या तोंडून वाचवणे निकडीचे आहे. कोकणच्या पावसाळ्यात कागदाचे काय होते हे इथे वेगळे सांगायला नको.

ऐकायला कुठून सुरुवात करावी

चित्रपट पाहण्यापूर्वी किंवा नंतर, ज्यांना खुद्द संगीत ऐकायचे आहे त्यांनी पाचव्या संचातला (ओपस ५) दुसरा, ए मेजर या पट्टीतला व्हायोलिन कन्सर्टो शोधावा आणि त्यातला मधला संथ भाग आधी ऐकावा. पाश्चात्त्य संगीताची सवय नसलेल्या कानालाही तो परका वाटत नाही, कारण त्यात एकच आवाज लांब श्वास घेत गात राहतो आणि वाद्यवृंद त्याला फक्त आधार देतो. त्यानंतर तेराव्या संचातली सिंफोनी कॉन्सर्टांट घ्यावी. डबलबारी ऐकणाऱ्यांनी तिच्यात पहिले व्हायोलिन कुठे थांबते आणि दुसरे कोणत्या स्वरावर त्याचे बोलणे उचलते, याकडे कान द्यावा. अकराव्या संचातली डी मेजरमधली सिंफनी ही मुळात ‘लामां आनोनीम’ची प्रस्तावना आहे; हा ऑपेरा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस ऑपेरा कंपनीने २०२० मध्ये, नाट्यगृहे बंद असताना, प्रेक्षकांविना सादर करून इंटरनेटवरून दाखवला होता.